तारखांची वही आपल्याच कपाटात

*दादा, नमस्कार. मी तळकोकणातल्या एका तालुक्याच्या गावी करसल्लागार म्हणून काम करते. साठ-सत्तर पार्ट्या आहेत, मदतीला एक मुलगी आहे. एवढ्या सगळ्यांच्या तारखा मी विंडोजमधल्या कॅलेंडरमध्ये ठेवत होते. ते बंद पडलं आणि त्याजागी नवीन आउटलुक आलं. ते आधी ईमेल खातं मागतं. आमच्याकडे पावसाळ्यात नेट कधी जाईल सांगता येत नाही. शिवाय पार्ट्यांची नावं, कुणाला कसली नोटीस आली, हे सगळं बाहेर कुठेतरी साठवलेलं मला नको आहे. नेटशिवाय चालणारं, कॉम्प्युटरवरच राहणारं, वेळेवर आठवण करणारं कॅलेंडर सुचवा. फुकट असेल तर बरं. त्यात संकष्टी, वटपौर्णिमा दिसेल का? आणि जुन्या नोंदींचं काय करू? – एक वाचक*

ताई, नमस्कार.

तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य मी आधी घेतो, कारण त्यात घाई आहे. तुमच्या जुन्या नोंदी बहुधा गेलेल्या नाहीत. विंडोजच्या त्या कॅलेंडरला मायक्रोसॉफ्टने ३१ डिसेंबर २०२४ पासून आधार देणं थांबवलं. पण ते वापरायला सुरुवात करताना तुम्ही त्यात जीमेलचं किंवा मायक्रोसॉफ्टचं खातं जोडलं असेल. जोडलं असेल, तर नोंदी त्या खात्यात, म्हणजे कंपनीच्या सर्व्हरवर पडून आहेत. तुमच्या पडद्यावर दिसत होती ती त्यांची प्रत. आपलं कॅलेंडर आपल्या टेबलावर आहे असं तुम्हाला वाटत होतं आणि ते तसं नव्हतं. यात तुमची चूक नाही, त्या प्रोग्रामने हे कधी ठळकपणे सांगितलंच नाही.

म्हणून सॉफ्टवेअरचं नाव सांगण्याआधी एक प्रश्न तुमच्या हाती देतो. कोणतंही कॅलेंडर निवडताना हाच विचारा: माझ्या नोंदींची फाइल नेमकी कुठे आहे, आणि उद्या हा प्रोग्राम नाहीसा झाला तर ती दुसऱ्या कशात उघडेल का? दिसायला सुंदर, रंगीत, मोठ्या अक्षरांचं हे सगळं नंतर.

हे मी पुस्तकी सांगत नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी मी एक छोटं डायरी-कॅलेंडर विकत घेतलं होतं, सीडीवर मिळायचं. नेट लागत नव्हतं, सगळं माझ्याच कॉम्प्युटरवर, मी खूश. चार वर्षं त्यात लिहिलं. मग कॉम्प्युटर बदलला, नव्या विंडोजवर ते चढेना आणि बनवणाऱ्यांनी दुकान गुंडाळलेलं. फाइल माझ्याकडे होती, पण नोटपॅडमध्ये उघडली तर नुसते चौकोन आणि वेडीवाकडी चिन्हं. आईच्या विम्याचा हप्ता त्यात लिहिलेला होता. तो चुकला आणि पॉलिसी बंद पडली. ती पुन्हा चालू करताना आईला वैद्यकीय तपासणीसाठी दोनदा रिक्षाने न्यावं लागलं. फाइल आपल्या घरात असून भागत नाही, तिची किल्लीही आपल्याकडे हवी, हे मला तेव्हा कळलं.

ती किल्ली म्हणजे आयसीएस फाइल. कॅलेंडरच्या नोंदी कशा लिहायच्या याचा एक जाहीर नमुना १९९८ साली ठरला आणि २००९ मध्ये तो सुधारून पुन्हा प्रसिद्ध झाला. जवळपास प्रत्येक नावाजलेलं कॅलेंडर त्या नमुन्यात नोंदी बाहेर काढून देतं आणि आत घेतं. मला यातली आवडती गोष्ट अशी की ही साधी मजकुराची फाइल असते. नोटपॅडमध्ये उघडा. प्रत्येक नोंद 'बिगिन व्हीइव्हेंट' या ओळीने सुरू होते आणि 'एंड व्हीइव्हेंट'ने संपते. मधे 'समरी'पुढे तुम्ही लिहिलेलं नाव, अगदी मराठीतसुद्धा, आणि 'डीटीस्टार्ट'पुढे वर्ष, महिना, तारीख असे सलग आठ आकडे. २० एप्रिल २०२६ असेल तर २०२६०४२०. जगातलं प्रत्येक कॅलेंडर सॉफ्टवेअर उद्या बंद पडलं तरी तुम्ही चष्मा लावून ही फाइल वाचू शकता.

आता नाव. तुमच्यासाठी थंडरबर्ड.

हा खरं तर ईमेलचा प्रोग्राम आहे, मोझिलाच्या घरातला, फुकट, आणि त्याचा कोड सगळ्यांना खुला. पूर्वी याच मंडळींचं सनबर्ड नावाचं नुसतं कॅलेंडर होतं. ते २०१० मध्ये थांबलं. त्याचं भावंड असलेलं लाइटनिंग हे थंडरबर्डला वरून जोडावं लागायचं. २०२० मध्ये आलेल्या ७८व्या आवृत्तीपासून कॅलेंडर आतच बसवलेलं येतं. तुम्हाला ईमेलशी काही कर्तव्य नसलं तरी चालतं. पहिल्यांदा उघडल्यावर तो ईमेल खात्याची माहिती विचारेल, तिथे 'कॅन्सल' म्हणा आणि डाव्या कडेच्या पट्टीतल्या कॅलेंडरच्या चित्रावर टिचकी मारा. 'होम' नावाचं एक कॅलेंडर आधीपासून असतं, ते तुमच्या कॉम्प्युटरवरच राहतं. आणखी हवी असतील तर 'न्यू कॅलेंडर' दाबून 'ऑन माय कॉम्प्युटर' निवडा. 'ऑन द नेटवर्क' हा दुसरा पर्याय तुमच्यासाठी सध्या नाही.

माझं ऐकाल तर तीन कॅलेंडरं करा: एक जीएसटीचं, एक आयकर-टीडीएसचं, एक घरचं. प्रत्येकाला वेगळा रंग. एखाद्या दिवशी फक्त जीएसटी बघायचं असेल तर बाकी दोन लपवता येतात.

पुन्हा पुन्हा येणाऱ्या तारखा हा तुमच्या कामाचा कणा आहे, तेव्हा इथे जरा थांबतो. जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरणपत्र) दर महिन्याच्या ११ला, ३बी (कर भरण्याचं विवरणपत्र) २०ला, टीडीएस ७ला, पीएफ आणि ईएसआय (कामगार विमा) १५ला. नोंद करताना 'रिपीट'मध्ये 'मंथली' निवडलं की दर महिन्याला ती आपोआप येते. तिमाही योजनेतल्या पार्ट्यांचं ३बी आपल्याकडे महाराष्ट्रात तिमाहीनंतरच्या २२ला असतं, ते 'कस्टम'मध्ये जाऊन दर तीन महिन्यांनी असं बसवा. ॲडव्हान्स टॅक्स १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर, १५ मार्च, म्हणजे तोही दर तीन महिन्यांनी.

यात दोन खड्डे आहेत, दोन्ही दाखवतो.

पहिला मार्चच्या टीडीएसचा. ७ तारखेची नोंद दर महिन्याला लावली की ती ७ एप्रिललाही येणार, पण मार्चच्या कपातीचा भरणा ३० एप्रिलपर्यंत असतो. ७ एप्रिलची नोंद उघडलीत की थंडरबर्ड विचारतो: फक्त ही एक बदलायची की सगळी मालिका? 'फक्त ही' म्हणा आणि तारीख ३० करा. सरकारने एखाद्या महिन्याला मुदतवाढ दिली तरी हेच करायचं. चुकून 'सगळी मालिका' दाबलंत तर बाराही महिने सरकतील, तेव्हा ती खिडकी घाईत बंद करू नका.

दुसरा खड्डा महिनाअखेरचा आणि तो जास्त फसवा आहे. व्यवसाय करासारखी महिन्याच्या शेवटच्या दिवसाची नोंद कुणीही सहज ३१ तारखेला लिहून 'मंथली' करेल. पण आयसीएसच्या नियमानुसार ज्या महिन्यात ३१ तारीखच नाही तिथे ती नोंद आदल्या दिवशी सरकत नाही, गळून जाते. फेब्रुवारी, एप्रिल, जून, सप्टेंबर, नोव्हेंबर असे पाच महिने आठवण येणारच नाही आणि काही गळलंय हे कळणारही नाही. 'कस्टम'मध्ये तारखांच्या चौकटीखाली 'लास्ट डे' असा वेगळा पर्याय आहे, तोच निवडा.

आठवणीबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण ऑफलाइन कॅलेंडर घेतलेले बरेच जण इथेच नाराज होतात. मोबाइलचं कॅलेंडर खिशात वाजतं. कॉम्प्युटरवरचं कॅलेंडर तो प्रोग्राम चालू असेल तरच वाजतं. थंडरबर्ड बंद, तर आठवण बंद. कॉम्प्युटर झोपलेला, तरी बंद. म्हणून तो सकाळी आपोआप सुरू होईल अशी सोय करा. विंडोजचं बटण आणि 'आर' एकत्र दाबा, आलेल्या चौकटीत शेल, मग विसर्गासारखी दोन टिंबं, मग स्टार्टअप असं इंग्रजी अक्षरांत, मधे जागा न सोडता लिहा आणि एंटर मारा. जे फोल्डर उघडेल त्यात थंडरबर्डचा शॉर्टकट ठेवून द्या. बास. सेटिंग्जमध्ये कॅलेंडरच्या भागात, राहून गेलेल्या आठवणी दाखवण्याची एक खूण असते, ती चालू आहे ना बघा. मग रविवारी हुकलेली आठवण सोमवारी सकाळी कॉम्प्युटर लावल्या लावल्या समोर येते.

आणि आठवण १५ मिनिटं आधीची ठेवू नका. ती मीटिंगसाठी ठीक. ३बीसाठी पाच दिवस आधी एक आणि आदल्या दिवशी एक, अशा दोन ठेवा. एका नोंदीला अनेक आठवणी लावता येतात. तुमच्याकडे २०ला नेट गेलं तर कॅलेंडर चालेल, पण पोर्टल कसं उघडणार? पार्टीच्या माथी दिवसाला ५० रुपये लेट फी बसू नये म्हणून आपणच नेटच्या लहरीला जागा सोडून तारीख धरायची. मी तर म्हणेन, जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत तुम्ही ३बीची स्वतःची तारीख १७च माना.

पहिल्याच दिवशी आणखी एक तपासा: सेटिंग्जमध्ये टाइम झोन आशिया/कोलकाता आहे ना. तो चुकून यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, राहिला तर सकाळी ११ची सुनावणी साडेपाचला दिसते. साडेपाच तासांचा फरक दिसला की दुसरं काही शोधत बसू नका, कारण हेच असतं.

थंडरबर्ड नकोच असेल तर काय, हेही थोडक्यात सांगतो. कॉम्प्युटर उघडल्यावर मागच्या चित्रावरच महिना आणि पुढची कामं दिसावीत, एवढंच हवं असेल तर रेनलेंडर बघा. त्याची लाइट आवृत्ती फुकट आहे आणि ते नोंदी थेट आयसीएसमध्येच ठेवतं, हे मला त्याचं फार आवडतं. तुमच्याकडे ऑफिससोबत विकत घेतलेलं जुनं, म्हणजे 'क्लासिक' आउटलुक असेल तर तेही स्वतःच्या पीएसटी फाइलवर नेटशिवाय चालतं. पण केवळ कॅलेंडरसाठी ते विकत घेऊ नका. कॉम्प्युटर विंडोज १०वरच अडकला असेल, ज्याचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, आणि कुणी तुम्हाला विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकटची प्रणाली घालून देणार असेल, तर तिथेही थंडरबर्ड आहेच. फाइल नेली की झालं.

जुन्या नोंदी आणण्यासाठी एकदाच नेट लागेल. जीमेलचं खातं असेल तर कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये गूगल कॅलेंडर उघडा, सेटिंग्जमध्ये 'इम्पोर्ट अँड एक्सपोर्ट'वर जा आणि 'एक्सपोर्ट' करा. एक झिप फाइल उतरेल, तिच्यात प्रत्येक कॅलेंडरची एक आयसीएस असेल. ती थंडरबर्डमध्ये 'इम्पोर्ट' करा. मग लगेच जुनं पुसू नका. चार-पाच नोंदी, विशेषतः दर महिन्याच्या, दोन्हीकडे समोरासमोर ठेवून ताडून बघा. सगळं जुळलं की मगच ऑनलाइन खात्यातल्या पार्ट्यांच्या नोंदी काढून टाका. काहींनी नावं एक्सेलमध्ये ठेवलेली असतात आणि तिथून सीएसव्ही, म्हणजे साध्या मजकुराची यादी, करून आणतात. तसं करायचं झालं तर 'सीएसव्ही यूटीएफ-८' असंच सेव्ह करा, नाहीतर मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग येते.

आता गुप्ततेचं. तुमचा हा हट्ट मला पूर्ण पटतो. करसल्लागाराचं कॅलेंडर म्हणजे नुसत्या तारखा नसतात. कुणाला छाननीची नोटीस आली, कुणी कुठला प्लॉट विकला, कुठल्या दोन भावांचा धंदा वेगळा झाला, हे त्या एकेका ओळीत असतं आणि गाव लहान आहे. पण नोंदी कॉम्प्युटरवर आणल्या म्हणजे त्या आपोआप सुरक्षित झाल्या असं नाही. थंडरबर्ड कॅलेंडरला कुलूप लावत नाही. तुमच्या खुर्चीत जो बसेल त्याला सगळं दिसेल. तेव्हा विंडोजला पासवर्ड हवा, मदतनीस मुलीसाठी वेगळं युजर खातं हवं आणि उठताना विंडोज बटण आणि 'एल' दाबून पडदा बंद करायची सवय हवी. पार्टीचे पोर्टलचे पासवर्ड कॅलेंडरमध्ये कधीही लिहू नका. सोयीचं वाटतं म्हणून बरेच जण लिहितात. नका लिहू.

आणि बॅकअप. ऑनलाइन कॅलेंडरमध्ये ही काळजी दुसरा कुणी घेत होता, आता ती तुमची आहे. दर शनिवारी काम संपताना कॅलेंडरच्या नावावर उजवी टिचकी, 'एक्सपोर्ट कॅलेंडर', आणि फाइलच्या नावात त्या दिवसाची तारीख. तिन्ही फाइल्स सेव्हन-झिप या फाइली बांधणाऱ्या प्रोग्रामने पासवर्ड घालून एकत्र बांधा आणि पेनड्राइव्हवर टाका. पेनड्राइव्ह घरी न्या, ऑफिसच्या खणात ठेवू नका. पाणी शिरलं तर ते कॉम्प्युटर आणि खण असा भेदभाव करत नाही. जुनी प्रत पुसून नवी ठेवण्यापेक्षा महिनाभराच्या चारही राहू द्या, फार तर काही एमबी होतील. थंडरबर्ड स्वतः सगळं 'कॅलेंडर-डेटा' या फोल्डरमधल्या 'लोकल' नावाच्या एसक्यूलाइट (छोट्या डेटाबेसच्या) फाइलमध्ये ठेवतो. 'हेल्प'मधल्या 'ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन'वरून तिथवर पोचता येतं. तीही कॉपी करून ठेवायची असेल तर आधी प्रोग्राम बंद करा.

मदतनीस मुलीच्या कॉम्प्युटरवरही तेच कॅलेंडर दिसावं असं तुम्हाला आज ना उद्या वाटेल. तेव्हा आयसीएस फाइल सामाईक फोल्डरमध्ये ठेवून दोघींनी लिहायचं असं करू नका. एकीने सेव्ह केलेलं दुसरीच्या सेव्हने पुसलं जातं. ऑफिसातल्याच एखाद्या कॉम्प्युटरवर रॅडिकेल नावाचा छोटा, फुकटचा कॅलेंडर सर्व्हर बसवता येतो. तो तुमच्या राउटरच्या आतच चालतो, बाहेरचं नेट नसलं तरी चालतो, आणि थंडरबर्डला तो समजतो. बसवायला मात्र कुणी जाणकार लागेल. तोवर नोंदी करायच्या त्या तुम्हीच करा आणि आठवड्याचा छापलेला कागद तिला द्या.

राहिली संकष्टी. ती या कॅलेंडरमध्ये 'रिपीट' लावून येणार नाही. तिथी चंद्रावर चालते, तिचं वर्ष सुमारे ३५४ दिवसांचं, आणि मधे अधिक महिना घालून ते सौर वर्षाशी जुळवलं जातं. गणेश चतुर्थी २०२५ला २७ ऑगस्टला होती आणि २०२६ला १४ सप्टेंबरला, कारण मधे अधिक ज्येष्ठ आहे. इंग्रजी महिन्यावर चालणाऱ्या नियमाला हे झेपत नाही. बिगर-इंग्रजी पंचांगांसाठी २०१५ मध्ये एक जोड नियम प्रसिद्ध झाला खरा, पण तुमच्या थंडरबर्डमध्ये त्याच्या भरवशावर राहू नका. भिंतीवरचं कालनिर्णय तिथेच असू द्या. १९७३पासून ते हे काम करतंय. दिवाळीनंतर नवं हाती आलं की एका बैठकीत वर्षाच्या संकष्ट्या, वटपौर्णिमा आणि बँकेच्या सुट्ट्या 'घर' कॅलेंडरमध्ये एकेक करून हाताने टाका. तासाभराचं काम आहे. मी दरवर्षी बायकोसोबत बसून करतो, ती वाचते, मी टाइप करतो.

येत्या रविवारी थंडरबर्ड उतरवून घ्या आणि बसवा. मग राउटरची वायर काढा, कॉम्प्युटर बंद करून पुन्हा लावा आणि कशालाही हात न लावता बघा: प्रोग्राम आपणहून उघडतो का? उघडला की दहा मिनिटांनंतरची एक नोंद करा, पाच मिनिटं आधीची आठवण लावा आणि चहा ठेवायला जा. परत आल्यावर पडद्यावर आठवणीची चौकट दिसली तर वायर जोडा आणि सोमवारपासून खरं काम त्यावर घ्या. कागदी डायरी मात्र पहिले तीन महिने सोबत चालू ठेवा. एक पूर्ण तिमाही दोन्हीकडच्या तारखा जुळल्या की मग ती बंद करा.